खेळाडूचे गाव आणि नियमांची वेस

दर वर्षी जून महिना लागला की परतवाडा-अचलपूरची काही मुले दाखला हातात घेऊन अमरावतीची, नागपूरची किंवा पुण्याची वाट धरतात. सामान्य विद्यार्थ्याच्या बाबतीत हे स्थलांतर दोन-चार कागदांवर भागते. तोच विद्यार्थी खेळाडू असला म्हणजे मात्र एक नवाच प्रश्न उभा राहतो: नव्या महाविद्यालयातर्फे, नव्या विद्यापीठातर्फे त्याने यंदा मैदानात उतरावे की नाही? कोठे त्याला काही काळ थांबावे लागते, कोठे जुन्या संस्थेची ना-हरकत आणावी लागते. वर्गात बसण्यास जो पात्र ठरला तो मैदानावर अपात्र का ठरावा, हा प्रश्न वरवर पाहता क्रीडाधिकाऱ्यांच्या टेबलावरचा वाटतो. परंतु त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे, आणि त्या इतिहासात आपल्या वऱ्हाडाचाही वाटा आहे.

या नियमांचा जन्म इंग्लंडात झाला. तेथील चांगले क्रिकेटपटू एकाच हंगामात आज या परगण्याकडून तर उद्या त्या परगण्याकडून खेळत. त्यावर १८७३ साली ठरले की एका हंगामात खेळाडूने एकाच परगण्याकडून खेळावे, आणि तो परगणा एक तर त्याच्या जन्माचा असावा किंवा तेथे त्याचे दोन वर्षे वास्तव्य तरी झालेले असावे. अमेरिकेतील महाविद्यालयांची अवस्था याहून बिकट होती. १८९६ साली फील्डिंग योस्ट नावाचा वेस्ट व्हर्जिनिया विद्यापीठाचा विद्यार्थी ऐन हंगामात लाफायेत महाविद्यालयात दाखल झाला, पेनसिल्व्हेनिया विद्यापीठाविरुद्धच्या मोठ्या फुटबॉल सामन्यात खेळला, सामना जिंकला आणि थोड्याच दिवसांत आपल्या जुन्या विद्यापीठात परत गेला. अशा फिरस्त्यांना आवर घातल्याशिवाय महाविद्यालयीन खेळाला अर्थ उरणार नाही, हे त्या पिढीला दिसत होते. म्हणून स्थलांतर करणाऱ्याने एक वर्ष बाहेर बसावे, हा दंडक पुढे तेथे रूढ झाला. मूळ हेतू वाईट नव्हता, हे प्रथम मान्य केले पाहिजे.

आपल्याकडे १९३४ साली रणजी करंडकाचे सामने सुरू झाले, तेव्हा जन्म आणि वास्तव्य ही इंग्रजी कसोटीच पुढे ठेवण्यात आली. परंतु हिंदुस्थानात संस्थानिक होते, आणि संस्थानिकाने नोकरी दिली की वास्तव्य आपोआप सिद्ध होई. सी. के. नायडू यांचा जन्म १८९५ साली नागपूरचा. त्यांचे शिक्षणही तेथलेच. १९२३ साली ते होळकरांच्या आमंत्रणावरून इंदुरास गेले आणि त्यांना फौजेत हुद्दा मिळाला. भारताचा पहिला कसोटी कर्णधार आपल्या मातीत वाढला. पण होळकर संघाने पुढे चार वेळा रणजी करंडक जिंकला तो इंदूरच्या नावाने. विजय हजारे सांगलीचे. १९३९-४० च्या हंगामात त्यांनी महाराष्ट्राकडून नाबाद ३१६ धावा काढल्या, त्या बडोद्याविरुद्ध. आणि पुढे तेच बडोद्याचे झाले. १९४६-४७ च्या अंतिम सामन्यात त्यांनी व गुल महंमद यांनी बडोद्यासाठी ५७७ धावांची भागी केली, ती होळकरांविरुद्ध. या मंडळींना कोणी दोष देत नाही. खेळावर घर चालत नव्हते. ज्याने भाकरी दिली त्याचा संघ, हा त्या काळचा सरळ व्यवहार होता.

मात्र यातून एक गोष्ट ध्यानात येते. नियम सर्वांना सारखा असला तरी ज्याच्याजवळ देण्यासारखे काही होते त्याला तो आडवा आला नाही. अडला तो आश्रयदाता नसलेला खेळाडू, आणि रिकामा राहिला तो आश्रय देऊ न शकणारा प्रांत. मध्यप्रांत व वऱ्हाड या नावाचा संघ रणजी सामन्यांत उतरत असे. परंतु नागपूरचा सर्वांत मोठा खेळाडू त्याच्याजवळ नव्हता.

वऱ्हाडच्या इतिहासाने या विषयाची दुसरीही एक बाजू दाखविली आहे. काही वेळा खेळाडू हलत नाही, वेसच हलते. १ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यपुनर्रचना झाली आणि विदर्भ मुंबई राज्यात आला. आपल्या उत्तरेस सातपुड्यापलीकडचा बैतूल जिल्हा काल एकाच प्रांतातला होता, तो परराज्य झाला. १९५७-५८ पासून विदर्भाचा स्वतंत्र संघ रणजी सामन्यांत खेळू लागला. तोच प्रकार विद्यापीठांचा. नागपूर विद्यापीठ १९२३ चे. परतवाड्याचा मुलगा अमरावतीहून नागपूरच्या महाविद्यालयात गेला तर तो महाविद्यालय बदली. विद्यापीठ तेच राही. १ मे १९८३ रोजी अमरावती विद्यापीठ वेगळे झाले, आणि तोच दीडशे किलोमीटरांचा प्रवास एकाएकी विद्यापीठांतर ठरला. मुलगा तोच, रस्ता तोच, एस. टी. तीच. शासनाने सोयीसाठी आखलेल्या रेषेला खेळाडूची निष्ठा समजावे काय?

आता नियमाच्या बाजूने जे म्हणता येईल ते नीट मांडले पाहिजे. पहिले असे की, आंतरविद्यापीठ सामने विद्यार्थ्यांचे आहेत. खेळाडू नियमित, पूर्णवेळ विद्यार्थी असावा, ही अट काढली तर शिक्षणाशी काडीचाही संबंध नसलेले लोक नावापुरती फी भरून करंडक नेतील. दुसरे असे की, श्रीमंत महाविद्यालये वसतिगृह, खुराक आणि फीमाफी दाखवून लहान गावांतील तयार मुले उचलतील. तिसरे कारण आपल्या जिव्हाळ्याचे आहे. परतवाड्यासारख्या ठिकाणी शाळेतला क्रीडाशिक्षक पहाटे मुलांना मैदानावर नेतो, पाच-सहा वर्षे घाम गाळतो, आणि मुलगा नावारूपास येताच दुसऱ्याच संस्थेचे नाव वर्तमानपत्रात येते. त्या शिक्षकाच्या मनातली खंत खोटी नाही.

परंतु या तिन्ही कारणांचा भार एकट्या विद्यार्थ्याने का वाहावा? पदवीचा काळ तीन-चार वर्षांचा. त्यातले एक वर्ष बाहेर बसविणे म्हणजे त्याच्या क्रीडाआयुष्याचा तिसरा-चौथा हिस्सा कापून घेणे होय. शिक्षकाला चांगली नोकरी मिळाली तर तो पुढच्या सोमवारी नव्या मैदानावर शिट्टी वाजवू शकतो. त्याला कोणी वर्षभर थांबवीत नाही. अमेरिकेतही हीच विसंगती लोकांना खुपली. प्रशिक्षक भर करारात लाखो डॉलरांसाठी विद्यापीठ बदलीत आणि त्यांच्या भरवशावर आलेली मुले मात्र अडकून पडत. अखेर तेथील राष्ट्रीय संघटनेने २०२१ साली पहिल्या स्थलांतरापुरता तो दंडक उठविला, आणि न्यायालयात प्रकरण गेल्यानंतर २०२४ साली अभ्यासातील प्रगतीची अट ठेवून तो सर्वांसाठीच मोकळा केला. आज तेथे उलट तक्रार ऐकू येते, की खेळाडू दर वर्षी संघ बदलतात आणि पैसा सगळे ठरवितो. म्हणजे दंडक नुसता मोडल्यानेही न्याय होत नाही.

आपल्या विदर्भाचा अलीकडचा अनुभव या बाबतीत बोलका आहे. राज्य संघटनेची ना-हरकत घेऊन दुसऱ्या राज्याकडून खेळण्याची मुभा रणजी सामन्यांत आहे. मुंबईचे वसीम जाफर आणि कर्नाटकाचे गणेश सतीश असे विदर्भात आले. १ जानेवारी २०१८ रोजी दिल्लीला हरवून विदर्भाने पहिल्यांदा करंडक जिंकला, आणि तो सामना झाला इंदूरला, होळकरांच्या नावाच्या मैदानावर! पंचाण्णव वर्षांपूर्वी ज्या गावाने नागपूरचा खेळाडू नेला, त्याच गावी पाहुण्यांच्या साहाय्याने विदर्भाने विजय मिळविला. २०२५ च्या अंतिम सामन्यात तर गंमतच झाली. कर्नाटकाने वगळलेला करुण नायर विदर्भाकडून शतक काढीत होता, आणि २०१९ च्या अंतिम सामन्यात ११ बळी घेऊन विदर्भाला करंडक मिळवून देणारा आदित्य सरवटे केरळकडून विदर्भाविरुद्ध ७९ धावा काढीत होता. नागपूरच्या प्रेक्षकांना दोघेही आपलेच होते. नायरला दुसरे दार उघडले नसते, तर आठ वर्षांनी तो पुन्हा कसोटी संघात दिसणे कठीण होते.

तेव्हा जाणाऱ्याचे दुःख करताना येणाऱ्यांचीही आठवण ठेवली पाहिजे. १९१४ साली वैद्य बंधूंनी स्थापिलेल्या अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाकडे देशाच्या निरनिराळ्या प्रांतांतून विद्यार्थी आले, ते आपापले गाव सोडूनच आले. त्यांच्या गावांनी त्यांना अडविले असते तर अमरावतीची कीर्ती जिल्ह्याच्या बाहेर गेली नसती.

मग न्याय्य नियम कोणता? ऐन हंगामात संघ बदलू नये. ही अट योस्टच्या काळी योग्य होती, आजही आहे. प्रवेश खरा असावा, हजेरी खरी असावी, परीक्षा दिलेली असावी. यात कोणावर अन्याय नाही. पण जुन्या संस्थेच्या मर्जीवर विद्यार्थ्याचे वर्ष टांगून ठेवणारी ना-हरकत मात्र नियम नव्हे, ती मालकी होय. इंग्लंडातील न्यायालयाने १९६३ साली जॉर्ज ईस्टहॅम या व्यावसायिक फुटबॉलपटूच्या दाव्यात, करार संपल्यावरही खेळाडूला अडकवून ठेवणारी क्लबांची पद्धत बेकायदा ठरविली. जे पगारी खेळाडूला लागू नाही ते फी भरणाऱ्या विद्यार्थ्याला लागू करणे शोभत नाही.

राहिला प्रश्न घडविणाऱ्याचा. जागतिक फुटबॉल संघटनेने २००१ साली त्याचे एक उत्तर दिले: खेळाडूला जाऊ द्यावे, पण त्याला लहानपणी घडविणाऱ्या संस्थेला नव्या क्लबाने मोबदला द्यावा. आपल्या विद्यापीठांत क्लबांइतका पैसा नाही. परंतु तत्त्व घेता येईल. बाहेरून आलेल्या खेळाडूच्या बळावर पदक मिळविणाऱ्या महाविद्यालयाने आपल्या क्रीडानिधीतला काही भाग त्याच्या पहिल्या शाळेच्या मैदानासाठी द्यावा, आणि पदकाच्या नोंदीत त्या शाळेचे व शिक्षकाचे नाव लिहावे. परतवाड्याच्या मुलाने पुण्यासाठी पदक आणले तर त्याच्या प्रशस्तिपत्रावर परतवाडा हा शब्द असावा. एवढे झाले तर त्याला निरोप देताना त्याच्या शिक्षकाला दाखल्यावर सही करणे जड जाणार नाही.