सेतू-व्यवस्था आणि राजभाषेचा प्रश्न : वर्ध्याच्या संदर्भात एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

एका स्थितीतून दुसऱ्या स्थितीत जाईपर्यंत केलेल्या तात्पुरत्या सोयीला डच भाषेत ‘ओव्हरब्रुखिंग’ म्हणतात. ‘ब्रुख’ म्हणजे पूल. जुने घर विकले जाण्यापूर्वी नवे घेण्यासाठी काढलेल्या अल्पमुदतीच्या कर्जाचे नावही याच शब्दावरून पडले आहे. मराठीत तिला ‘सेतू-व्यवस्था’ म्हणता येईल. तिची मुदत आणि पैलतीर ही दोन्ही निश्चित असतात, असे त्यामागील गृहीतक होय. भारतीय संविधानातील राजभाषाविषयक तरतूद या कसोटीवर तपासण्याजोगी आहे.

अनुच्छेद ३४३ अन्वये देवनागरी लिपीतील हिंदी ही संघराज्याची राजभाषा ठरली. मात्र २६ जानेवारी १९५० पासून १५ वर्षे इंग्रजीचा वापर चालू राहील, अशी सोय करण्यात आली. या पुलाच्या पैलतीराची उभारणी वर्ध्यात आधीच सुरू झाली होती. १९३६ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रभाषा प्रचार समितीने हिंदीतर प्रांतांत परीक्षांच्या माध्यमातून हिंदीचा प्रसार केला. तथापि पैलतीर नेमका कोणता, याविषयी वर्ध्यातच मतभेद होते. नागरी व उर्दू या दोन्ही लिपींतील हिंदुस्तानीसाठी १९४२ मध्ये गांधीजींच्या प्रेरणेने हिंदुस्तानी प्रचार सभा स्थापन झाली. १९४५ मध्ये गांधीजी हिंदी साहित्य संमेलनातून बाहेर पडले. १४ सप्टेंबर १९४९ रोजी संविधान सभेने मात्र नागरी हिंदी स्वीकारली.

मुदत संपत आली तेव्हा १९६३ च्या राजभाषा अधिनियमाने इंग्रजीचा वापर पुढे चालू ठेवण्याची मुभा दिली. १९६५ मध्ये मद्रास राज्यात हिंदीविरोधी आंदोलन उसळले. १९६७ च्या दुरुस्तीनुसार, हिंदी राजभाषा म्हणून न स्वीकारलेल्या सर्व राज्यांच्या विधिमंडळांनी आणि त्यानंतर संसदेच्या दोन्ही सभागृहांनी ठराव केल्याखेरीज इंग्रजीचा वापर थांबणार नाही. म्हणजेच पुलाची मुदत दिनदर्शिकेऐवजी संमतीवर अवलंबून राहिली.

१९७५ मध्ये नागपूर येथे भरलेल्या पहिल्या विश्व हिंदी संमेलनात मांडलेली हिंदी विद्यापीठाची कल्पना १९९७ मध्ये वर्ध्यात साकार झाली. संस्था उभ्या राहिल्या, तरी पूल हटला नाही. याला केवळ प्रशासकीय दिरंगाई म्हणणे अपुरे ठरेल. ज्यांना पूल ओलांडायचा आहे त्यांना पैलतीर आपला वाटत नसेल, तर मुदत ठरवून प्रश्न सुटत नाही. अशा वेळी तात्पुरती व्यवस्थाच सहजीवनाचा आधार बनते, हा या इतिहासाचा निष्कर्ष होय.