डिजिटल पियानोवरील वादन पेनड्राइव्हवर कसे रेकॉर्ड करतात?

डिजिटल पियानोवर वाजवलेली रचना जपून ठेवायची असली की बहुतेक जण समोर मोबाइल ठेवून ती रेकॉर्ड करतात. त्यात पंख्याची घरघर, रस्त्यावरचे हॉर्न आणि पट्ट्यांचा खडखडाटही येतो. अनेक डिजिटल पियानोंमध्ये यापेक्षा चांगली सोय असते. पियानोलाच पेनड्राइव्ह जोडून वादन थेट त्यावर ऑडिओ फाइल म्हणून साठवता येते. मात्र रेकॉर्डिंगचा प्रकार चुकीचा निवडला किंवा पेनड्राइव्ह घाईने काढला, तर चांगले जमलेले वादन हातचे जाऊ शकते.

पियानोच्या आत काय घडते?

डिजिटल पियानोत तारा नसतात. पट्टी दाबली की तिच्याखालचे सेन्सर ती किती वेगाने खाली गेली हे मोजतात. बहुतेक पियानोंमध्ये खऱ्या पियानोच्या स्वरांचे नमुने आधीच ध्वनिमुद्रित करून मेमरीत ठेवलेले असतात. पट्टीच्या वेगानुसार त्यातून योग्य स्वर निवडला जातो. हा आवाज आधी आकड्यांच्या रूपात तयार होतो, मग त्याचे विद्युत संकेतात रूपांतर होते आणि शेवटी तो स्पीकरमधून ऐकू येतो.

पेनड्राइव्हवरील ऑडिओ रेकॉर्डिंगमध्ये आवाज स्पीकरपर्यंत पोहोचण्याआधीच टिपला जातो. मध्ये मायक्रोफोन नसल्याने खोलीतला गोंगाट येत नाही. हेडफोन लावून रात्री वाजवले तरी रेकॉर्डिंग तितकेच स्वच्छ होते. याची दुसरी बाजू अशी की, पियानोबरोबर कोणी गात असेल तर ते गाणे या फाइलमध्ये येत नाही. त्यासाठी मायक्रोफोन जोडण्याची सोय असलेले मॉडेल लागते.

ऑडिओ आणि मिडी यांतला फरक

बहुतेक गोंधळ इथे होतो, कारण अनेक पियानोंमध्ये रेकॉर्डिंगचे दोन प्रकार असतात.

*ऑडिओ* म्हणजे प्रत्यक्ष आवाज. ही फाइल सहसा वेव्ह प्रकारची असते आणि मोबाइल, संगणक किंवा गाडीतल्या म्युझिक सिस्टिमवरही वाजू शकते. काही पियानो थेट एमपीथ्री फाइलही तयार करतात.

*मिडी* फाइलमध्ये आवाज नसतो, फक्त सूचना असतात: कोणती पट्टी, कधी, किती जोराने दाबली, कधी सोडली आणि पेडल केव्हा दाबले. वाद्यांनी एकमेकांशी बोलावे म्हणून १९८३ मध्ये हे मानक आले. मिडी फाइल दुसऱ्या वाद्यावर किंवा संगणकावर वाजवली, तर त्या यंत्राकडे जो आवाज असेल त्यात ती ऐकू येते. साध्या मोबाइलवर ती अनेकदा उघडतही नाही.

मिडीचा फायदा दुरुस्तीत आहे. एखादा स्वर चुकला तर संगणकावर तेवढाच बदलता येतो, लयही कमी-जास्त करता येते. ऑडिओमध्ये सगळे स्वर एकत्र मिसळलेले असल्याने ते सोपे नसते. काही मॉडेलमध्ये मिडी रेकॉर्डिंग पियानोवर पुन्हा वाजवून त्याची ऑडिओ फाइल करता येते. तशी सोय असेल तर आधी मिडी आणि मग ऑडिओ हा क्रम फायद्याचा ठरतो.

फाइल किती मोठी होते?

वेव्ह फाइल साधारणपणे ऑडिओ सीडीच्या दर्जाची असते. त्यात एका सेकंदात आवाजाची ४४,१०० मापे घेतली जातात. प्रत्येक माप १६ बिटचे असते आणि डावी-उजवी अशा दोन वाहिन्या असतात. हिशेब केला तर सेकंदाला १,७६,४०० बाइट, म्हणजे मिनिटाला सुमारे १०.६ मेगाबाइट होतात. पाच मिनिटांची रचना ५३ मेगाबाइटच्या आसपास जाते, तर ८ गिगाबाइटच्या पेनड्राइव्हवर बारा तासांचे वादन मावते. त्याच रचनेची मिडी फाइल मात्र सहसा काही किलोबाइटचीच असते.

त्यामुळे फार मोठा पेनड्राइव्ह घेण्याची गरज नसते. एका वेळी किती मिनिटे रेकॉर्ड करता येईल याची मर्यादा मॉडेलनुसार असते, ती माहितीपुस्तिकेत पाहावी.

रेकॉर्डिंगची पद्धत

१. पेनड्राइव्ह फॅट३२ पद्धतीने फॉरमॅट केलेला असावा. एनटीएफएस किंवा एक्सफॅट पद्धतीचा पेनड्राइव्ह अनेक पियानो ओळखत नाहीत. फॉरमॅट केल्यावर आतले सगळे पुसले जाते, म्हणून आधीच्या फाइल दुसरीकडे उतरवून घ्याव्यात.

२. पेनड्राइव्ह पियानोच्या चपट्या, आयताकृती यूएसबी खाचेत लावावा. चौकोनी खाच संगणकाची केबल जोडण्यासाठी असते. नुसती चौकोनी खाच असलेल्या पियानोवर ही सोय मिळत नाही.

३. रेकॉर्डिंगचा प्रकार ऑडिओ निवडावा. कोणते बटण किती वेळ दाबायचे हे प्रत्येक कंपनीचे वेगळे असते.

४. आधी अर्ध्या मिनिटाची चाचणी घ्यावी. काही पियानोंमध्ये आवाजाची कळ कमी केली तरी रेकॉर्डिंगवर परिणाम होत नाही, काहींमध्ये होतो. मेट्रोनोमचे ठोके फाइलमध्ये येतात का, हेही चाचणीतच कळते.

५. वादन संपल्यावर शेवटचा स्वर पूर्ण विरू द्यावा आणि मगच रेकॉर्डिंग थांबवावे.

६. फाइल साठवली जात असल्याची खूण दिसत असेपर्यंत पेनड्राइव्ह काढू नये, पियानोही बंद करू नये. वेव्ह फाइलच्या सुरुवातीला तिच्या लांबीची नोंद असते आणि ती रेकॉर्डिंग संपल्यावर पूर्ण होते. मध्येच पेनड्राइव्ह निघाला तर आवाज साठवलेला असूनही फाइल उघडत नाही.

७. पियानोवरच फाइल वाजवून तपासावी आणि त्याच दिवशी तिची प्रत संगणकावर घ्यावी.

फाइल पाठवताना

जीमेलवरून २५ मेगाबाइटपेक्षा मोठी फाइल थेट जोडता येत नाही. त्यामुळे मोठी वेव्ह फाइल एमपीथ्रीमध्ये बदलून पाठवणे सोयीचे ठरते. १२८ केबीपीएस दराने केलेली एमपीथ्री मूळ फाइलच्या सुमारे अकराव्या हिश्शाएवढी होते. आकार कमी करताना आवाजातले काही बारकावे कायमचे जातात, म्हणून मूळ वेव्ह फाइल पुसू नये.

परीक्षेसाठी वादन पाठवायचे असेल तर नियम आधी वाचावेत. लंडनच्या एबीआरएसएम संस्थेने २०२० मध्ये सुरू केलेल्या परफॉर्मन्स ग्रेड परीक्षांसाठी सलग व्हिडिओ लागतो, नुसती ऑडिओ फाइल चालत नाही. अशा परीक्षेच्या तयारीत मात्र पेनड्राइव्हवरचे रेकॉर्डिंग उपयोगी पडते. वाजवताना लक्षात न आलेली पळती लय किंवा जास्त वेळ दाबलेले पेडल ते ऐकताना लगेच जाणवते.