जिउ-जित्सू : वजनातील तफावत आणि सराव

जपानी ज्युदोपटू मित्सुयो माएदा १९१४ साली ब्राझीलमध्ये गेले. त्यांच्याकडून कार्लोस ग्रेसी यांनी घेतलेल्या विद्येतून ब्राझिलियन जिउ-जित्सू हा क्रीडाप्रकार विकसित झाला. कार्लोस यांचे धाकटे बंधू, अंगाने किरकोळ असलेले हेलिओ यांनी त्यात बळापेक्षा तरफेच्या तत्त्वावर भर दिला.

सरावातील जोडीदार वजनदार असल्यास त्याच्या छातीखाली दबणे टाळावे लागते. हलका खेळाडू कुशीवर वळून, गुडघे व कोपर मध्ये ठेवून अंतर राखतो आणि संधी मिळताच प्रतिस्पर्ध्याच्या पाठीमागे जातो. वजनदार खेळाडूने आपला भार स्वतःच्या हातापायांवर तोलावा, सांध्यांवरील पेच सावकाश आवळावा आणि जोडीदाराने हाताने थाप देताच पकड सोडावी, असा संकेत आहे.

तथापि, तंत्रामुळे वजनाचा फरक नाहीसा होत नाही. १९५१ मध्ये रिओ दि जानेरो येथे हेलिओ यांना त्यांच्यापेक्षा वजनदार असलेल्या मासाहिको किमुरा यांनी पराभूत केले. १९९४ मध्ये अमेरिकेत हेलिओ यांचे पुत्र रॉइस यांनी ३० किलोंहून अधिक वजनदार डॅन सेव्हर्न यांच्या मानेभोवती पायांचा पेच आवळून विजय मिळवला. मात्र त्यासाठी त्यांना सुमारे १५ मिनिटे, बहुतांश काळ पाठीवर राहून, वाट पाहावी लागली.