गरोदरपणातील साखर तपासणी: पहिल्याच भेटीत का?

"डॉक्टर, आमच्या घरात कोणालाच डायबेटिस नाही. मी तर बारीक आहे. मग आत्ताच साखर कशाला तपासायची?" ठाणे, कल्याण, डोंबिवलीत नाव घालायला येणाऱ्या अनेक जणी हे विचारतात. तुमच्याही मनात हाच प्रश्न असेल, तर या तपासणीचा इतिहास वाचा.

पूर्वी लघवीतली साखर पाहत. पण गरोदरपणात रक्तातली साखर योग्य असतानाही ती लघवीत उतरू शकते, म्हणून ही तपासणी फसवी ठरते. १९६४ मध्ये अमेरिकेतील बोस्टन येथे डॉ. जॉन ओ'सुलिव्हन आणि क्लेअर माहान यांनी ७५२ गरोदर महिलांच्या रक्ततपासणीवरून साखरेच्या मर्यादा ठरवल्या. त्यांचा प्रश्न आईपुरता होता: हिला पुढे मधुमेह होईल का? बाळाबद्दलचे ठोस उत्तर २००८ मध्ये 'हापो' अभ्यासाने दिले. नऊ देशांतील सुमारे २५,००० महिलांमध्ये दिसले की आईची साखर वाढत जाते, तसा बाळ जास्त वजनाचे होण्याचा धोकाही वाढतो.

आता बारीक असण्याबद्दल. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी १९९३ पासून जवळच्या सहा गावांतील मातांचा अभ्यास केला. तिथली बाळे सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील साउदॅम्प्टनची ३.५ किलोची. आपली बाळे लहान, स्नायू कमी, पण चरबी त्या मानाने कमी नव्हती. म्हणजे बारीक दिसणे ही मधुमेह नसल्याची खात्री नव्हे.

राहिली अडचण उपाशीपोटी येण्याची. लांबून लोकलने येणाऱ्या बाईला 'जेवून आलात, उद्या परत या' म्हटले की ती बहुधा येतच नाही. चेन्नईच्या डॉ. व्ही. शेषय्या यांनी यावर सोपी पद्धत रुजवली: जेवण झालेले असो वा नसो, ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून प्यायचे आणि दोन तासांनी एकदाच रक्त द्यायचे. साखर १४० किंवा जास्त आली, तर गरोदरपणातील मधुमेह. केंद्र सरकारने २०१४ मध्ये हीच पद्धत मार्गदर्शक सूचनांत घेतली.

या सूचनांनुसार तपासणी दोनदा होते. पहिली पहिल्याच भेटीत, कारण काहींची साखर आधीपासूनच वाढलेली असते आणि बाळाचे अवयव पहिल्या तीन महिन्यांतच घडतात. दुसरी २४ ते २८ आठवड्यांत, कारण वारेतील संप्रेरकांमुळे तेव्हा साखर वाढू लागते. म्हणून पहिला रिपोर्ट नॉर्मल आला, तरी दुसरी तपासणी चुकवू नका.

साखर जास्त आली तर घाबरू नका. बऱ्याच जणींना योग्य आहार आणि चालणे पुरते, काहींना औषध किंवा इन्सुलिन लागते. बाळंतपणानंतर सहा आठवड्यांनी मात्र पुन्हा तपासा. ओ'सुलिव्हन यांचा आईबद्दलचा प्रश्न आजही तितकाच खरा आहे.

कल्याणच्या रुक्मिणीबाई रुग्णालयात नाव घाला, डोंबिवलीच्या शास्त्रीनगरला किंवा खासगी दवाखान्यात, पहिल्याच भेटीत विचारा, "माझी साखर तपासायची ना?"