"कंडेन्सर गेला": एका शब्दाची दोन घराणी

१/
मे महिन्यातील दुपार. खोलीतील एसी सुरू आहे, वाराही येतो आहे. पण तो थंड नाही. गच्चीवर जाऊन पाहावे, तर बाहेरच्या युनिटचा पंखा निश्चल. आतून बारीक घुमल्यासारखा आवाज येतो, काही मिनिटांनी 'टक्' असे ऐकू येते आणि मग सारे शांत होते. शेजारचा जाणकार तेवढ्यावरून निदान करतो : "कंडेन्सर गेला."

२/
या निदानाचे दोन अर्थ होतात. पहिला खरा असेल, तर दुरुस्ती काही शेकडा रुपयांत आटोपते. दुसरा खरा असेल, तर ती काही हजारांवर जाते. शब्द मात्र एकच. हा घोटाळा कोणाच्या अडाणीपणाचा नाही. त्याची मुळे अठराव्या शतकातील युरोपात आहेत आणि फांद्या गोदावरीकाठच्या विहिरींपर्यंत पोहोचल्या आहेत. हा धागा त्या शब्दाविषयी.

३/
आरंभ गोदाकाठापासूनच करू. जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यातील अंतरवाली सराटी हे गाव २०२३ च्या मराठा आरक्षण आंदोलनामुळे महाराष्ट्रभर परिचित झाले. त्याआधी ते मराठवाड्यातील इतर शेकडो गावांसारखेच एक होते. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो, ही येथील नित्याची गोष्ट.

४/
या प्रदेशाने उन्हाशी काढलेली जुनी तडजोड म्हणजे माळवद. जाडजूड भिंती, लाकडी तुळया, वर पांढऱ्या मातीचा भरभक्कम थर. दुपारचे ऊन त्या थरातून झिरपत खाली येईपर्यंत संध्याकाळ होई, आणि तोवर माणसे अंगणात किंवा माळवदावर निजायला गेलेली असत. उष्णता थांबत नसे. तिला उशीर होई, एवढेच.

५/
दुसरी तडजोड पाण्याची. दारावर ओले वाळ्याचे पडदे, माठ, आणि सत्ताधाऱ्यांच्या नगरात त्याहून मोठे प्रयोग. छत्रपती संभाजीनगरच्या पाणचक्कीत मोठ्या हौदाचा तळ हाच खालच्या दालनाचे छत आहे. डोक्यावर पाणी, खाली गारवा. आजचा कूलर ही याच घराण्यातील अलीकडची पिढी. पाणी आटताना हवेतील उष्णता सोबत घेऊन जाते, हे तत्त्व सगळीकडे सारखेच.

६/
माळवद गेले, स्लॅब आला. काँक्रीटचा पातळ स्लॅब दिवसभर तापतो आणि रात्री खोलीत ती उष्णता ओततो. घरात एसी येण्यामागे जशी ऐपत आहे, तसे हेही कारण आहे, आणि ते सहसा नोंदवले जात नाही. माळवदात बिघडणारे फिरते यंत्र नव्हते. एसीत आहे.

७/
आता पहिला कंडेन्सर. १७६५ साली जेम्स वॉट याला ग्लासगोमध्ये वाफेच्या इंजिनातील उधळपट्टीचे मूळ सापडले. वाफ ज्या सिलिंडरमध्ये काम करी, त्यातच ती थंड करून पाणी केली जाई. त्यामुळे सिलिंडर दर खेपेस नव्याने तापवावा लागे. वॉटने वाफ थंड करण्यासाठी वेगळे पात्र जोडले. १७६९ साली त्याचे पेटंट झाले. वाफ 'कंडेन्स' करणारे, म्हणजे तिचे पुन्हा पाणी करणारे, ते कंडेन्सर.

८/
१८५० च्या दशकात मुंबईत कापडगिरण्या उभ्या राहू लागल्या, तेव्हा वाफेच्या इंजिनांबरोबर हे पात्रही आले. कंडेन्सरची एक अट असते : त्याने घेतलेली उष्णता कोणीतरी सतत वाहून न्यावी लागते. गिरण्यांत ते काम पाणी करी. पाणी संपले किंवा फार तापले की इंजिनाची ताकद ढासळे. पुढील सर्व कथेत हीच अट पुन्हा पुन्हा भेटते.

९/
थंडी मात्र त्या काळी मुंबईला जहाजातून येत होती. बोस्टनच्या फ्रेडरिक ट्यूडरने १८३३ मध्ये 'टस्कनी' जहाजातून गोठलेल्या तळ्यांचा बर्फ कोलकात्याला पाठवला. निघताना सुमारे १८० टन होता. चार महिन्यांच्या प्रवासानंतर सुमारे १०० टन उरला. पुढे मुंबई आणि मद्रास येथेही अमेरिकी बर्फासाठी बर्फघरे झाली. मद्रासचे आजही उभे आहे. १८९७ मध्ये स्वामी विवेकानंद तेथे उतरले होते.

१०/
त्या व्यापाराची एक खूण आजही प्रत्येक एसीवर आहे. 'दीड टनाचा एसी' यातील टन यंत्राच्या वजनाचा नव्हे. एक अमेरिकी टन, म्हणजे सुमारे ९०७ किलो बर्फ २४ तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषतो, ते हे माप; आजच्या भाषेत सुमारे ३.५ किलोवॉट. दुकानात दीड टन मागणारा ग्राहक नकळत बर्फाच्या लाद्यांत हिशोब करीत असतो.

११/
बर्फाने थंडी मिळे, पण बर्फ संपे. १९३४ मध्ये मुंबई–पेशावर फ्रंटियर मेलला वातानुकूलित डबा जोडला गेला, तोही डब्याच्या तळाशी बर्फाच्या लाद्या ठेवून. वाटेतील स्थानकांवर त्या पुन्हा भराव्या लागत. प्रवाशांची उष्णता थेंब थेंब पाणी होऊन रुळांवर गळून जाई.

१२/
बर्फ न आणता थंडी कशी मिळवावी, याचे उत्तर आधीच नोंदले गेले होते. १८३४ साली लंडनमध्ये जेकब पर्किन्सने एका चक्राचे पेटंट घेतले : सहज उडून जाणारा द्रव एका बाजूला उकळू द्यायचा, म्हणजे तो उष्णता शोषतो, त्याची वाफ पंपाने दाबून दुसऱ्या बाजूला न्यायची आणि तेथे तिचे पुन्हा द्रव करायचे, म्हणजे ती उष्णता सोडते. ही दुसरी बाजू म्हणजे कंडेन्सर. वॉटचा शब्द येथे नव्या घरी नांदू लागला.

१३/
एसी थंडी निर्माण करीत नाही. तो खोलीतील उष्णता उचलून बाहेर टाकतो. दीड टनाचा एसी पूर्ण क्षमतेने चालताना खोलीतून सुमारे ५.३ किलोवॉट उष्णता काढतो, त्यात कॉम्प्रेसरने खाल्लेली वीज मिळवली की बाहेर टाकायची उष्णता साडेसहा-सात किलोवॉटच्या घरात जाते. बाहेरच्या युनिटची जाळी, म्हणजे कंडेन्सर, हे सारे ओझे हवेच्या हवाली करते.

१४/
पूर्वी ते पाण्याच्या हवाली होई. १९३३ मध्ये मुंबईत वातानुकूलित 'रीगल' चित्रपटगृह सुरू झाले. त्या काळच्या मोठ्या यंत्रणांत कंडेन्सर सहसा पाण्याने थंड केला जाई. घरगुती एसीला मात्र असा पाणीपुरवठा परवडत नाही. मराठवाड्यात तर मुळीच नाही. म्हणून हवा. पण सारख्याच आकारमानाच्या पाण्याच्या तुलनेत हवा सुमारे ३,५०० पट कमी उष्णता वाहते. म्हणून ती प्रचंड प्रमाणात ओढावी लागते, आणि म्हणून तेथे पंखा आहे.

१५/
तो थांबला की काय होते, हे आता सहज समजेल. जाळी तापते, आतील वायूचे द्रव होईना, दाब चढतो, कॉम्प्रेसर धापा टाकतो आणि तापून स्वतःचे संरक्षक स्विच उडवून बंद पडतो. तो 'टक्'. गिरणीचे पाणी आटावे तसेच हे.

१६/
आता दुसरा कंडेन्सर. १७४५ मध्ये क्लाइस्ट याने आणि पाठोपाठ १७४६ च्या आरंभी लायडनमध्ये मुशेनब्रुक याने काचेच्या भांड्यात वीज साठवता येते हे पाहिले. मुशेनब्रुकला बसलेला धक्का इतका जबर होता की, फ्रान्सचे राज्य मिळाले तरी पुन्हा असा प्रयोग करणार नाही, अशा आशयाचे त्याने पत्रात कळवले. हे वाक्य थोडे लक्षात असू द्यावे. गच्चीवर ते कामास येते.

१७/
१७८२ मध्ये इटलीच्या अलेस्सांद्रो व्होल्टाने अशाच एका उपकरणाला 'कोंदेन्सातोरे' म्हटले, कारण त्यात वीज दाट होऊन साठते असे त्याला वाटले. वाफ दाट होऊन पाणी होते, तशी वीज दाट होते. वॉटच्या पेटंटनंतर अवघ्या तेरा वर्षांत युरोपने तोच शब्द सर्वस्वी वेगळ्या वस्तूला दिला. घोटाळ्याचा जन्म हा असा.

१८/
विसाव्या शतकात इंग्रजीने चूक ओळखली आणि विजेच्या उपकरणासाठी 'कपॅसिटर' हा शब्द हळूहळू रूढ केला. पारिभाषिक मराठीही नेमकी आहे : वाफेचा तो संघनक, विजेचे ते धारित्र. पण पाठ्यपुस्तकातील शब्द पानावर राहिले. बाजारात छताच्या पंख्यातील डबीला अजूनही 'कंडेन्सर'च म्हणतात, आणि दुकानदार बिनचूक वस्तू काढून देतो.

१९/
पंख्याला विजेचे साठवण-पात्र कशाला हवे? १८८५ मध्ये तुरीनच्या गॅलिलिओ फेरारिसने आणि १८८८ च्या पेटंटांतून निकोला टेस्लाने दाखवून दिले की, दोन प्रवाह एकमेकांच्या किंचित मागे-पुढे धावले तर चुंबकक्षेत्र गोल फिरते आणि मोटारही फिरते. घरात मात्र प्रवाह एकच येतो. त्याने क्षेत्र फिरत नाही, जागच्या जागी थरथरते. मोटार घुमते, हलत नाही. धारित्र दुसऱ्या गुंडाळीतील प्रवाहाला पुढे ढकलते आणि एकाचे जणू दोन करते.

२०/
हे शास्त्र गोदाखोऱ्याने पुस्तकातून शिकले नाही. १९६० मध्ये महाराष्ट्र राज्य विद्युत मंडळ स्थापन झाले, पुढील दशकांत खांब शिवारांत पोहोचले, १९७६ मध्ये जायकवाडीचे उद्घाटन झाले, आणि विहिरी-कालव्यांवर पंप बसले. थ्री-फेज वीज पाळीपाळीने येणारी. त्यातही एखादा फेज गायब. अशा वेळी कंडेन्सर लावून दोन फेजवर मोटार चालवण्याची युक्ती शेतकऱ्यांनी आपलीशी केली. एका प्रवाहातून दुसरा उभा करायचा, हेच फेरारिसचे सूत्र रात्री दोन वाजता विहिरीच्या काठावर वापरले जात होते. मोटारी जळाल्याही पुष्कळ. तो भाग कौतुकात विसरू नये.

२१/
म्हणून अशा गावात एसीचा पंखा घुमतो पण फिरत नाही, हे ऐकताच पंपाचा अनुभव असलेला माणूस 'कंडेन्सर' म्हणतो, तेव्हा बहुधा तो बरोबर असतो. त्याला धारित्र म्हणायचे असते. ऐकणाऱ्याला मात्र जाळी ऐकू येते. येथेच पैसे जातात. कधी जाळी बदलण्याची गोष्ट निघते, कधी 'गॅस कमी झाला' म्हणून गॅस भरला जातो. पंखा बंद असताना दाब आधीच चढलेला असतो. त्यात गॅस भरणे हे दुखणे वाढवणे आहे.

२२/
आवाज बरेच सांगतो. घुमण्याचा आवाज आहे आणि पाते सैल फिरण्याजोगे आहे, तर संशय धारित्रावर. आवाज आहे पण पाते हाताला जड लागते, तर बेअरिंग किंवा अडकलेला कचरा. आवाजच नाही, तर तार, सर्किट बोर्ड किंवा मोटारीची जळालेली गुंडाळी. पाते अर्थातच मुख्य स्विच बंद करूनच तपासायचे. चालू युनिटच्या जाळीतून काडी घालून पात्याला धक्का देण्याची प्रथा आहे. त्याने पंखा कधी कधी फिरूही लागतो, कारण थरथरत्या क्षेत्राला काडीने दिशा मिळते. निदान म्हणून ते खरे, पण बोटे जायची भीती त्याहून खरी.

२३/
धारित्राच्या डबीवर दोन आकडे असतात : मायक्रोफॅरड आणि व्होल्ट. पंख्याचे धारित्र लहान, कॉम्प्रेसरचे त्याच्या कितीतरी पट मोठे. काही युनिटांत दोन्ही एकाच डब्यात. नवे घेताना मायक्रोफॅरडचा आकडा तोच हवा, व्होल्टचा तेवढा किंवा अधिक चालतो. 'मोठे टाकले की पंखा जोरात फिरेल' हा समज गुंडाळी जाळतो. उन्हात उभ्या युनिटमध्ये डबीची क्षमता वर्षागणिक झिजते. फुगलेली डबी ओळखता येते, पण न फुगताही ती निकामी झालेली असू शकते. मापन हाच पुरावा.

२४/
आणि येथे मुशेनब्रुकचे पत्र आठवावे. वीज बंद केल्यावरही धारित्रात ती उरते. स्क्रूड्रायव्हरने दोन टोके जोडून ठिणगी पाडण्याची सवय सर्वत्र दिसते. ती वाईट आहे. योग्य रोधातून ते रिकामे करणे आणि मापकाने खात्री करणे, हे काम शिकलेल्या तंत्रज्ञाचे.

२५/
इन्व्हर्टर एसीत ही सारी कथा पुन्हा उलटते. तेथील बाहेरच्या पंख्याला बहुधा स्वतंत्र धारित्र नसतेच. डीसी मोटारीला फिरते क्षेत्र सर्किट बोर्ड पुरवतो, आणि बिघाडाचा संकेतांक आतील युनिटवर उमटतो. पंख्याचा 'कंडेन्सर' बदलून द्या, असे अशा यंत्रापुढे म्हणण्यात अर्थ नाही. मात्र त्या बोर्डावरच मोठी धारित्रे बसलेली असतात, २३० व्होल्टच्या विजेपासून बनलेला सुमारे ३२५ व्होल्टचा साठा सांभाळत, स्विच बंद केल्यानंतरही काही मिनिटे.