महालक्ष्मीचा सुळका आणि रेडिओचा डबा

परवा बंदरावर एका पोराने विचारलं, "दादा, गावात मोबाईलचा टॉवर असताना डोंगरावर रेडिओ कशाला पाहिजे?" मी बराच वेळ बोललो आणि तरी अर्धंच सांगून झालं. उरलेलं इथे लिहितोय. पोस्ट लांब आहे, सवडीने वाचा.

आपल्या घिवलीच्या जुन्या तांडेलांना डोंगरांच्या खुणा पाठ असायच्या. डहाणूकडचा महालक्ष्मीचा सुळका कुठल्या बाजूला दिसतो यावरून बोट कुठे आहे ते कळायचं. सुळका दिसेनासा झाला की किनारा लांब राहिला. रेडिओचंही जवळपास असंच आहे. वॉकीटॉकीच्या व्हीएचएफ लहरी सरळ रेषेत जातात, क्षितिजापलीकडे फारशा वळत नाहीत. मीटरमधल्या उंचीचं वर्गमूळ काढा, त्याला साधारण चारने गुणा, तेवढे किलोमीटर रेडिओला 'दिसतं'. बोटीवर ४ मीटरवर अँटेना असेल तर ८ किलोमीटर. तशा दोन बोटी असतील तर १६. पण ४०० मीटरच्या डोंगरावर अँटेना लावली तर ८० किलोमीटर, आणि समोरच्याचे ८ वेगळे. ताकद तीच, सेट तोच, फक्त जागा बदलली.

रिपीटर म्हणजे डोंगरावरचा हाच डबा. एका फ्रिक्वेन्सीवर ऐकतो आणि त्याच क्षणी दुसऱ्या फ्रिक्वेन्सीवर तेच मोठ्याने बोलतो. हौशी रेडिओवाल्यांच्या, म्हणजे हॅमच्या, १४४ ते १४६ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात या दोन फ्रिक्वेन्सींमध्ये बहुतेक ६०० किलोहर्ट्झचं अंतर ठेवतात. स्वतःच्याच ओरडण्याने कान बधिर होऊ नयेत म्हणून मध्ये मोठाल्या डब्यांसारखे फिल्टर. बाकी एक बॅटरी, एक सोलर पॅनल आणि वीज पडलीच तर जमिनीत जाण्यासाठी तांब्याची पट्टी. झालं.

आता थोडं मागे जाऊ. आपल्याकडे हॅमवर सरकारची नजर कायम राहिली आहे. १९३९ला महायुद्ध सुरू झालं आणि इंग्रजांनी हौशी रेडिओचे परवाने रद्द केले, सेट जमा करायला लावले. तरी १९४२च्या ऑगस्टमध्ये मुंबईत उषा मेहता आणि त्यांच्या साथीदारांनी काँग्रेस रेडिओ चालवला. त्याचा ट्रान्समीटर जुळवणारा नरिमन प्रिंटर हा असाच रेडिओतला माणूस. पोलिसांच्या भीतीने सतत जागा बदलत नोव्हेंबरपर्यंत ते केंद्र चाललं. शेवटी प्रिंटरच पकडला गेला आणि त्याच्याकडून पोलिसांना पत्ता लागला. यंत्र चांगलं होतं, माणूस फुटला. मला ही गोष्ट नेहमी आठवते, कारण पुढेही यंत्रापेक्षा माणसाचाच प्रश्न जास्त आला.

३० सप्टेंबर १९९३ला किल्लारीचा भूकंप झाला, २००१मध्ये भुज. दोन्हीकडे हॅम आपापले सेट आणि बॅटऱ्या घेऊन गेले. मग २००५. त्या वर्षी ५ मे रोजी इस्रोने हॅमसॅट सोडला. हौशी रेडिओसाठीचा हा उपग्रह म्हणजे सहाशे किलोमीटर उंचीवरचा डोंगरच. सगळ्यांना वाटलं, आता डोंगर चढायची कटकट संपली. पण तो पृथ्वीभोवती फिरणारा होता. एका वेळी फार तर दहा-पंधरा मिनिटं डोक्यावर, मग गायब. पुढे बारा आठवड्यांतच २६ जुलै आला. सांताक्रूझला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडला आणि मोबाईल गप्प झाले. अशा वेळी दिवसभर एका जागी बसून राहणारा डबाच लागतो. हॅमसॅट २०१४ला बंद पडला. डोंगर आहे तिथेच आहेत.

मी स्वतः एकदाच अशा कामाला गेलोय. घाटमाथ्यावरचा डोंगर होता, नाव नको. लेड-ॲसिड बॅटरी गोणत्यात घालून बांबूला लटकवली आणि चौघांनी आळीपाळीने वर नेली. वर पाहतो तर माकडांनी केबल सोललेली, पेटीत गांधीलमाशांचं पोळं, आणि सोलर पॅनल कोणीतरी उचलून नेलेलं. आधीची बॅटरीही चोरीलाच गेली होती म्हणे. सोबतचे एक काका सत्तरीचे. ते म्हणाले, "मी येतोय तोवर हा बोलेल." मला हसू आलं होतं. रिपीटर बिघाडाने क्वचित बंद पडतो. चढणारी माणसं संपली की बंद पडतो. त्यात परवाना दिल्लीहून, जागा बहुतेक वनखात्याची, आणि खर्च खिशातून.

आपल्याकडे याची गरज का, हे घिवलीकरांना सांगायला नको. शेजारी देशातलं पहिलं अणुवीज केंद्र, ऑक्टोबर १९६९ पासून चालू. अशा केंद्राभोवती आपत्कालीन नियोजनासाठी १६ किलोमीटरचं वर्तुळ धरतात, आपण तर कुंपणालाच लागून. नोव्हेंबर २०१८ पासून डहाणू-तलासरीकडे भूकंपाचे धक्के सुरू झाले, माणसं थंडीत घराबाहेर झोपली. आणि वादळात लाईट गेली की काही तासांत टॉवरची बॅटरी उतरते, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय.

३० ऑगस्ट २०२४ला पालघरमध्ये वाढवण बंदराचं भूमिपूजन झालं. त्याच कार्यक्रमात मच्छीमार बोटींवर उपग्रहाचे एक लाख ट्रान्सपॉन्डर बसवायची योजनाही सुरू झाली. बंदराबद्दल माझं मत तुम्हाला माहीत आहे. पण ट्रान्सपॉन्डर चांगला आहे, मिळाला तर जरूर बसवा. फक्त तो बोटीवर असतो. किनाऱ्यावर सगळं ठप्प असताना गावाने तालुक्याशी कसं बोलायचं, याचं उत्तर त्यात नाही.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो, नाहीतर गैरसमज होईल. हॅम रेडिओवर धंद्याचं बोलता येत नाही. पापलेटचा भाव विचारायला तो नाही, आणि बोटीवरच्या मरीन व्हीएचएफची, त्याच्या चॅनेल १६ची जागाही तो घेत नाही. परवाना नसलेल्याने बटण दाबायचं नाही. म्हणजे आधी डोंगरावर डबा नको, आधी गावात परवानेवाली माणसं हवीत.

महालक्ष्मीच्या यात्रेत चैत्री पौर्णिमेला मध्यरात्री त्या अवघड सुळक्यावर ध्वज चढतो. पुजारी चढतो, दरवर्षी. त्याला कोणी विचारत नाही की खाली एवढं मोठं देऊळ असताना वर कशाला जातोस. त्या पोराला मी हे सांगायला विसरलो.

परीक्षेला बारा वर्षांवरचं कोणीही बसू शकतं. खालच्या श्रेणीला मोर्स कोड लागत नाही. इलेक्ट्रॉनिक्सची थोडी माहिती आणि नियम, एवढाच अभ्यास. दहावी-बारावीची चार पोरं-पोरी तयार झाली तर माझ्या ओटीवर रविवारी बसू. पुस्तकं माझ्याकडे आहेत, एक जुना सेटही आहे.