ग्रहीय अद्भुतकथांतील प्राण्यांचे बैठ्या भूमिका-खेळांतील रूपांतर

परग्रहावर घडणाऱ्या साहसकथांत वर्णिलेले काल्पनिक पशू व जमाती यांना फासे, कागद आणि संवाद यांच्या साहाय्याने खेळल्या जाणाऱ्या भूमिका-खेळांच्या नियमांत बसविणे, यास ग्रहीय अद्भुतकथांतील प्राण्यांचे रूपांतर असे म्हणता येईल. या खेळांत प्रत्येक खेळाडू एका पात्राची भूमिका घेतो, तर संचालक उर्वरित जग, त्यातील माणसे व प्राणी सांभाळतो. अशा रूपांतराचा सर्वांत जुना व प्रभावी स्रोत म्हणजे अमेरिकन लेखक एडगर राइस बरोज (१८७५–१९५०) यांची मंगळावरील, म्हणजेच त्यांच्या 'बारसूम'वरील, कथामाला होय.

पार्श्वभूमी

इटालियन खगोलशास्त्रज्ञ जोव्हान्नी स्कियापारेल्ली यांनी १८७७ मध्ये मंगळावर रेषा दिसत असल्याचे नोंदविले. पुढे पर्सिव्हल लॉवेल यांनी त्या रेषा म्हणजे सुकत चाललेल्या ग्रहावरील रहिवाशांनी खोदलेले कालवे होत, असा तर्क मांडला. याच कल्पनेच्या वातावरणात बरोज यांची पहिली मंगळकथा १९१२ मध्ये 'ऑल-स्टोरी' मासिकातून क्रमशः आली आणि १९१७ मध्ये 'अ प्रिन्सेस ऑफ मार्स' या नावाने पुस्तकरूपाने प्रसिद्ध झाली. १९६५ मध्ये 'मरिनर ४' या यानाने पाठविलेल्या छायाचित्रांत कालवे आढळले नाहीत. तथापि तोवर या कथांतील प्राणी वाचकांच्या कल्पनेत स्थिरावले होते.

मूळ प्राणी

बारसूमवरील बहुतेक प्राण्यांना पृथ्वीवरील प्राण्यांपेक्षा अधिक अवयव आहेत. थोट हे आठ पायांचे वाहन-जनावर असून ते स्वाराच्या मनातील आज्ञा ओळखते. कॅलॉट हा दहा पायांचा, बेडकासारख्या तोंडाचा राखणदार प्राणी होय. बॅन्थ हा दहा पायांचा सिंहसदृश हिंस्र पशू, तर पांढरे वानर चार हातांचे व प्रचंड देहाचे असते. थार्क ही चार हातांच्या हिरव्या मंगळवासीयांची लढाऊ टोळी आहे.

या प्राण्यांचे महत्त्व केवळ त्यांच्या विचित्र देहात नाही. हिरवे मंगळवासी थोटांना मारहाण करून वागवितात व त्यामुळे थोट त्यांच्यावर उलटतात. कथानायक जॉन कार्टर त्यांना ममतेने वागवितो आणि तेच थोट त्याचे ऐकू लागतात. त्याच्यावर पहाऱ्यासाठी नेमलेला वूला नावाचा कॅलॉटही कार्टरने जीव वाचविल्यावर त्याचा आमरण सोबती बनतो. पशूशी माणूस कसा वागतो, यावर या कथांत पुष्कळ काही अवलंबून असते.

जेतान

बारसूमचा प्राणी पटावर आणण्याचा पहिला प्रयत्न स्वतः बरोज यांनीच केला. 'द चेसमेन ऑफ मार्स' (१९२२) या कादंबरीत जेतान नावाचे मंगळावरील बुद्धिबळ असून त्याचे नियम पुस्तकाच्या परिशिष्टात दिले आहेत. पट १० × १० घरांचा असतो व प्रत्येक बाजूस २० सोंगट्या असतात. त्यांपैकी थोट ही एक सोंगटी असून ती एक घर सरळ व एक घर तिरपे जाते. आपल्या बुद्धिबळातील अडीच घरे चालणाऱ्या घोड्याची ही मंगळावरील भावंड म्हणता येईल.

आरंभीचे भूमिका-खेळ

गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांचा 'डन्जन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ १९७४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्याच्या प्रस्तावनेत जॉन कार्टरच्या साहसांचा उल्लेख असून रानात कोणता प्राणी भेटेल हे फाशाने ठरविण्याच्या कोष्टकांत थोट, कॅलॉट, बॅन्थ व पांढरे वानर यांची नावे आढळतात. मात्र त्यांचे बळ वा वेग दर्शविणारे आकडे तेथे दिलेले नव्हते. संचालकाला कादंबरी वाचून ते स्वतः ठरवावे लागत.

त्याच वर्षी गायगॅक्स व ब्रायन ब्लूम यांनी 'वॉरियर्स ऑफ मार्स' हे बारसूमवर आधारलेले युद्धखेळाचे पुस्तक काढले. त्यासाठी बरोज यांच्या वारसांची परवानगी घेतलेली नसल्याने ते लवकरच विक्रीतून काढून घ्यावे लागले. यानंतर नावे वगळून केवळ रूप घेण्याची वाट रूढ झाली. याच खेळाच्या २००० सालच्या तिसऱ्या आवृत्तीतील जिरॅलॉन हा चार हातांचा पांढरा वानर असून बारसूमच्या वानराशी त्याचे साम्य उघड आहे.

रूपांतराची पद्धती

खेळातील प्राण्याच्या नोंदीत साधारणतः त्याचा आकार, वेग, प्रहार सोसण्याची क्षमता, हल्ल्यांची संख्या व विशेष गुण येतात. अधिक अवयवांचे रूपांतर सहसा अधिक हल्ल्यांत केले जाते. जिरॅलॉन एका फेरीत चार पंजे व एक चावा असे पाच हल्ले करू शकतो आणि दोन किंवा अधिक पंजे लागल्यास शत्रूला फाडतो.

या पद्धतीची मर्यादा अशी की, तीत प्रत्येक प्राणी केवळ लढण्याजोगा शत्रू ठरण्याचा धोका असतो. थोटाला आठ पाय व एक वेग एवढेच दिले, तर तो जादा पायांचा घोडा उरतो. मनातील आज्ञा ओळखणे व वागणुकीनुसार उलटणे किंवा वश होणे, हे नियमांत आले तरच तो कथेतील थोट ठरतो. १९७४ च्या मूळ नियमांत अशी सोय होती. दोन फासे टाकून समोरच्या प्राण्याची प्रतिक्रिया प्रतिकूल, अनिश्चित की अनुकूल हे ठरविता येई. त्यामुळे प्रत्येक भेटीचा शेवट झुंजीतच होत नसे.

प्राण्याला त्या जगाच्या व्यवहारात स्थान देणे ही दुसरी पद्धत होय. एम. ए. आर. बार्कर हे मिनेसोटा विद्यापीठात दक्षिण आशियाई भाषांचे अध्यापन करीत व उर्दूचे अभ्यासक होते. त्यांच्या 'एम्पायर ऑफ द पेटल थ्रोन' (१९७५) या खेळातील टेकुमेल ग्रहावर धातू दुर्मीळ आहे. तेथे क्लेन नावाच्या जनावराच्या कातड्यावर प्रक्रिया करून शस्त्रे व चिलखते बनवितात. येथे प्राणी हा शत्रू नसून अर्थव्यवस्थेचा आधार आहे. फ्रँक चॅडविक यांच्या 'स्पेस: १८८९' (१९८८) मध्ये व्हिक्टोरियन काळातील युरोपीय सत्ता मंगळावर वसाहती उभारतात. तेथील प्राण्यांकडे वसाहतवाद्यांच्या व स्थानिकांच्या अशा दोन दृष्टींनी पाहता येते.

स्वामित्वहक्क

भारतीय कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतरच्या कॅलेंडर वर्षापासून ६० वर्षे स्वामित्वहक्क टिकतो. बरोज यांचे निधन मार्च १९५० मध्ये झाले. म्हणून त्यांच्या हयातीत प्रसिद्ध झालेल्या मंगळकथा १ जानेवारी २०११ पासून भारतात सर्वांसाठी खुल्या आहेत. त्यांचे मराठी भाषांतर करणे किंवा त्यांतील थोट, कॅलॉट यांना मराठी खेळात आणणे यास स्वामित्वहक्काची आडकाठी नाही. मात्र नंतरच्या खेळपुस्तकांतील नियमांची मांडणी, चित्रे व नवे प्राणी हे त्या त्या प्रकाशकांचे असतात आणि नोंदणीकृत व्यापारचिन्हांचा प्रश्नही स्वतंत्र आहे. त्यामुळे रूपांतर करताना नंतरच्या खेळावरून नव्हे, तर मूळ कादंबरीवरून आरंभ करणे कायद्याच्या दृष्टीने सुरक्षित ठरते. प्राण्याचा कथेतील स्वभावही मूळ कादंबरीतच सापडतो.